आजी-आजोबांना घेऊन लंडनच्या स्काय गार्डनमध्ये: एका भेटीच्या आखणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाऊ या गावात राहणारं एक मराठी कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. नवऱ्याचे आईवडील नाशिक जिल्ह्यातून काही महिन्यांसाठी आले होते. आजोबा ७६ वर्षांचे. दोन्ही गुडघे दुखरे, हातात काठी आणि जोडीला मधुमेह. सपाटीवर ते पंधरा-वीस मिनिटं आरामात चालतात, पण जिना एका मजल्याहून जास्त नको म्हणतात. आजी ७२ वर्षांच्या. चालायला काटक, पण गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की त्यांना गरगरतं. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे वगळले आहेत.

आजोबांचं सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. पस्तिसाव्या मजल्यावर खरी माती टाकून झाडं लावली आहेत असं त्यांनी नातवाकडून ऐकलं आणि एवढं एक ठिकाण दाखवाच, असा आग्रह धरला. परतीचं विमान ऑक्टोबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीनंतर लगेच येणाऱ्या शनिवारी होतं, म्हणजे हाताशी फक्त सुट्टीचा आठवडा उरला होता. लंडनमधल्या प्रत्येक फुकट ठिकाणावर गर्दी उसळते तो हाच आठवडा.

जागा नेमकी कशी आहे

२०, फेनचर्च स्ट्रीट ही सुमारे १६० मीटर उंचीची इमारत. राफाएल विन्योली या वास्तुविशारदाने ती आखली. खाली अरुंद आणि वर रुंद अशा आकारामुळे लोक तिला 'वॉकी-टॉकी' म्हणतात. माथ्यावरच्या काचेच्या घुमटाखाली स्काय गार्डन आहे. जानेवारी २०१५ मध्ये ते लोकांसाठी उघडलं.

ही बाग तिथे का आहे, हे माहीत असलेलं बरं. इमारतीची जागा सिटी ऑफ लंडनमधल्या (लंडनच्या मध्यातला जुना व्यापारी भाग, त्याचा कारभार वेगळा चालतो) उंच इमारतींच्या मुख्य गटापासून थोडी बाजूला, नदीच्या अंगाला आहे. तिथे एवढी उंच इमारत नको, टॉवर ऑफ लंडन आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या परिसराचं दृश्य बिघडेल, असे आक्षेप आले. २००७ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मग परवानगी मिळाली. वरचे मजले लोकांना मोफत खुले ठेवण्याचं आश्वासन इमारतीच्या बाजूने मांडलेल्या मोठ्या मुद्द्यांपैकी एक होतं. म्हणून इथल्या फुकट तिकिटाला कोणाची मेहेरबानी समजू नये. शहराने त्या उंचीच्या बदल्यात घेतलेली ती गोष्ट आहे आणि वयस्कर माणसांनी तिथे हक्काने जावं. मात्र आधी नोंदणी, दारावर झडती आणि मोजका वेळ या अटींमुळे ती मनात येईल तेव्हा शिरावं अशी बाग राहिलेली नाही. आखणी लागते ती यामुळेच.

प्रवेश फिलपॉट लेन या बाजूच्या गल्लीतून आहे. झडती विमानतळासारखी होते, मग लिफ्ट थेट ३५व्या मजल्यावर सोडते. तिथे मोकळा चौक, कॉफीचा ठेला आणि दक्षिणेला नदीकडे तोंड केलेली उघडी गच्ची. दोन्ही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांचे वाफे वर चढत जातात. त्यांच्या कडेने जिने आहेत आणि वर ३६ व ३७व्या पातळीवर रेस्टॉरंटं. हा भाग बंदिस्त असला तरी त्याला घरासारखं गरम केलेलं नाही. हवा नैसर्गिकरीत्या खेळती ठेवली आहे, त्यामुळे थंडीत आतही गारवा जाणवतो.

अडचण

तिकिटं मोफत असतात, पण ठरावीक दिवसांनी, बहुधा सोमवारी, पुढच्या काळाची तिकिटं खुली होतात. सुट्टीच्या आठवड्यातली दुपारची आणि शनिवार-रविवारची तिकिटं काही तासांतच संपतात. नवऱ्याने सोमवारी सकाळी कामाच्या गडबडीत ते राहू दिलं आणि रात्री संकेतस्थळ उघडलं. तेव्हा त्याला मंगळवार संध्याकाळी ५, बुधवार सकाळी सव्वाअकरा आणि गुरुवारी भर दुपारची एक वेळ एवढंच शिल्लक दिसलं.

त्याने मंगळवारी ५ची वेळ घेतली. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळत होता. पाचला वर पोचायचं, उजेडात शहर पाहायचं, सूर्यास्त बघायचा आणि दिवे लागले की उतरायचं, असा त्याचा हिशेब.

तो हिशेब घड्याळाने मोडला. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात आणि तो रविवार नेमका मधे येत होता. मंगळवारी सूर्य पावणेपाचच्या आतच मावळणार होता. पाचला झडतीच्या रांगेत उभं राहून सव्वापाचला वर पोचेपर्यंत अंधार पडलेला असता. सुनेच्या हे लक्षात आलं तेव्हा भेटीला आठ दिवस उरले होते.

काचेच्या घुमटाखाली अंधाराचा त्रास दुहेरी होतो. आतले दिवे काचेवर उमटतात, त्यामुळे बाहेरच्या शहराऐवजी स्वतःचीच प्रतिबिंबं दिसू लागतात. गच्चीवर हा त्रास नसतो, पण वारा वाढला की सुरक्षेसाठी ती बंद करतात. आणि आजोबांना दिव्यांपेक्षा झाडं पाहायची होती. शिवाय उतरल्यावर सहाच्या गर्दीत, कामावरून घरी निघालेल्या माणसांनी भरलेल्या गाडीतून, गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि झोपेला आलेल्या चार वर्षांच्या मुलीला स्लाऊपर्यंत न्यायचं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ५ची वेळ तशीच ठेवण्याचा. जोडप्याला एकट्याने जायचं असतं तर तोच उत्तम ठरला असता.

दुसरा, होरायझन २२. बिशप्सगेटवरच्या २२ क्रमांकाच्या इमारतीत ५८व्या मजल्यावर, २५४ मीटर उंचीवर ही गॅलरी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तीही मोफत, आगाऊ नोंदणीची, आणि दृश्य स्काय गार्डनहून कितीतरी दूरवरचं. पण तिथे बाग नाही. जमिनीपासून छतापर्यंत काच आहे आणि गरगरणाऱ्या माणसाला नजर टेकवायला जवळ काही नाही. या कुटुंबाच्या दृष्टीने तो बाद होता.

तिसरा, शार्ड या उंच मनोऱ्याच्या गॅलरीचं तिकीट विकत घ्यायचा विचार नवऱ्याने मांडला. सहा जणांचा खर्च ऐकून आजोबांनीच तो निकालात काढला.

चौथा, स्काय गार्डनमधल्या रेस्टॉरंटात टेबल राखून ठेवायचं. टेबलाची नोंदणी असेल तर बागेचं वेगळं तिकीट लागत नाही आणि बसायची जागाही नक्की असते. तिकिटं संपलेली असताना हा मार्ग लोक विसरतात. इथे अडचण अशी की आजी-आजोबा शाकाहारी, आजोबांची जेवणाची वेळ औषधाला बांधलेली आणि खर्च पुन्हा मोठा.

पाचवा, द गार्डन ॲट १२०. स्काय गार्डनपासून चालत पाचेक मिनिटांवर, १२० फेनचर्च स्ट्रीटच्या पंधराव्या मजल्यावरची ही उघडी गच्चीबाग २०१९ मध्ये खुली झाली. मोफत, आणि नोंदणीही लागत नाही. उंची कमी, पण मांडवावर चढवलेले वेल, पाण्याची नाली, बसायला जागा आणि सगळं एका सपाटीवर. पर्यटकांच्या यादीत ती क्वचितच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी मात्र लंडनच्या या भागात तिच्यासारखी दुसरी जागा नाही असं आमचं मत आहे.

सहावा पर्याय बुधवारी सकाळी सव्वाअकराची वेळ घेण्याचा. ती अजून शिल्लक होती.

निर्णय आणि त्यामागचा विचार

सुनेने प्रश्न उलटा मांडला. सर्वांत सुंदर वेळ कोणती हे तिने बाजूला ठेवलं आणि आजोबांना कोणत्या वेळी सर्वांत कमी त्रास होईल, इथून सुरुवात केली. त्यानंतर निवड सोपी झाली. बुधवारी सव्वाअकरा. गार्डन ॲट १२० दुपारसाठी राखीव. मंगळवारची तिकिटं त्यांनी लगेच रद्द केली, म्हणजे ती दुसऱ्या कोणाला मिळतील. न जाता नुसती धरून ठेवलेली फुकट तिकिटं हे या जागेचं मोठं दुखणं आहे.

उजेडाच्या दृष्टीनेही सकाळ बरी ठरते. ऑक्टोबरअखेर, घड्याळं मागे गेल्यावर, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळपास दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे आणि खाली असतो. पश्चिमेला सेंट पॉल्सच्या घुमटावर ऊन पडतं, तर टॉवर ब्रिजची बाजू उजेडाच्या विरुद्ध येऊन काळपट दिसते. दुपारी तीननंतर हे उलटतं, आणि खाली आलेला सूर्य नैऋत्येकडून नदीच्या बाजूच्या काचांवर आडवा येऊन डोळे दिपवतो. उत्तरेकडच्या उंच इमारती दिवसभर नीट दिसतात, कारण ऊन पाठीमागून येतं.

प्रवासाचा रस्ता असा ठरला. स्लाऊहून एलिझाबेथ लाईन या रेल्वेने थेट लिव्हरपूल स्ट्रीट स्थानक, साधारण पाऊण तास. ही लाईन निवडली कारण तिच्या प्रत्येक स्थानकावर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येतं. नकाशावर मॉन्युमेंट स्थानक स्काय गार्डनच्या सर्वांत जवळ दिसतं, पण तिथल्या भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट आणि सर्कल लाईनच्या फलाटांवरून जिने चढावे लागतात, त्यामुळे ते टाळलं. डिस्ट्रिक्ट लाईननेच येणाऱ्यांनी पुढच्या टॉवर हिलला उतरावं. तिथे लिफ्ट आहे आणि चालणं दहा मिनिटांचं.

एलिझाबेथ लाईनची गाडी २०० मीटरहून लांब असते. लिव्हरपूल स्ट्रीटला पश्चिमेकडून येताना स्थानकाचं ब्रॉडगेटकडचं दार गाडीच्या पुढच्या टोकाला आणि मूरगेटचं मागच्या टोकाला येतं. मागच्या डब्यात बसलं की तेवढा फलाट चालून आजोबांचा निम्मा दम तिथेच गेला असता. म्हणून स्लाऊलाच पुढे जाऊन उभं राहायचं ठरलं. बाहेर पडल्यावर बिशप्सगेटवरून लंडन ब्रिजकडे जाणारी बस आणि मॉन्युमेंटच्या थांब्यावर उतरणं. चालत गेलं तर साधारण एक किलोमीटर. तरुण माणसाला ते काहीच नाही, पण आजोबांची सगळी ताकद बागेसाठी ठेवायची होती. साडेनऊनंतर निघायचं ठरलं, कारण सकाळच्या गर्दीचं चढं भाडं तेव्हा संपतं आणि बसायला जागाही मिळते.

प्रत्यक्ष दिवस

दहा पन्नासला सगळे फिलपॉट लेनमध्ये. इथपर्यंत सगळं आखल्याप्रमाणे झालं. नवऱ्याने पासपोर्ट आणि फोनवरचं तिकीट दाखवलं. दशम्या, चटणी आणि फोडी केलेली सफरचंदं मुलीच्या ढकलगाडीखाली होती. बाहेरचं खाणं वर खायचं नाही हे माहीत असल्यामुळे ती पिशवी कोणी उघडणार नव्हतं. आजोबांची औषधं आणि साखर उतरली तर म्हणून ठेवलेली बिस्किटं वेगळ्या पारदर्शक पिशवीत होती आणि सुनेने ती आपणहून दाखवली. त्याला हरकत घेतली गेली नाही.

अडलं ते आजोबांच्या चंचीपाशी. यंत्रातून चंची गेली आणि पडद्यावर अडकित्ता दिसला. पितळी, वडिलोपार्जित, रोज खिशात असणारा. घरातल्या कोणाला तो धारदार वस्तू वाटलाच नव्हता. पहारेकऱ्याने सभ्यपणे पण ठाम सांगितलं की हा वर नेता येणार नाही.

इथे निर्णय दोन मिनिटांत घ्यायचा होता. अडकित्ता सोडून देणं शक्य नव्हतं. सगळ्यांनी परत फिरायचं तर वेळ हातची जाणार. नवऱ्याचं कार्यालय दहा मिनिटांवर होतं. तो अडकित्ता तिथे ठेवून येऊ शकत होता, पण तिकीट त्याच्या नावावर. त्याने बाहेर पडण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारलं की परत आल्यावर याच तिकिटावर आत घेतील का, आणि होकार मिळाल्यावरच निघाला. हे विचारणं महत्त्वाचं होतं. घाईत बाहेर पडून मग वाद घालणारे लोक बहुतेक वेळा हरतात.

त्यामुळे वरची पहिली पंचवीस मिनिटं सून एकटी, चार माणसं आणि एक ढकलगाडी घेऊन.

लिफ्टचं दार उघडताच मुलगा जिन्याकडे पळाला. आजी समोरची काच पाहून थांबल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. सुनेने तेव्हा जे केलं ते उंचीला घाबरणाऱ्या कोणालाही घेऊन जाताना उपयोगी पडेल. ती आजींना काचेकडे घेऊन गेली नाही. "आई, बाहेर बघू नका, आधी ही झाडं बघा," म्हणत तिने त्यांना चौकाच्या मध्यावर, काचेकडे पाठ आणि वाफ्यांकडे तोंड करून बसवलं. बाग चढत्या वाफ्यांची असल्याने डोळ्यांसमोर पंधरा-वीस फुटांवर हिरवी भिंत येते, नजर तिथे टेकते आणि गरगरणं कमी होतं. दहा मिनिटांनी त्या उठल्या, वाफ्याच्या कठड्याला हात लावत कडेकडेने गेल्या आणि काचेपासून पाचेक पावलांवरून त्यांनी नदी पाहिली. त्याहून पुढे त्या गेल्या नाहीत आणि कोणी आग्रहही केला नाही.

आजोबांना वरची पातळी पाहायची होती. जिने लांब आहेत. सुनेने कर्मचाऱ्याला विचारलं तेव्हा त्याने लिफ्टने नेलं. न विचारता ती सापडली नसती.

वर आजोबा खरे रमले. या वाफ्यांतली बरीच झाडं भूमध्य सागराच्या काठची आणि दक्षिण आफ्रिकेतली आहेत: लव्हेंडर, रोझमेरी, ॲगापँथस, बर्ड ऑफ पॅरडाईज. जोडीला सायकस आणि वृक्षनेचे. काचेखाली ऊन भरपूर, पाणी मोजकं आणि मातीचा थर मर्यादित. अशा ठिकाणी कोरडं सोसणारी झाडंच टिकतात. दक्षिणेकडचे वाफे आणि आतल्या सावलीतले वाफे यांत लावणी वेगळी का आहे, हे आजोबांनी नातवाला समजावून सांगितलं. पाटीवरचं इंग्रजी नातू वाचत होता आणि पानाला हात लावून त्याचा अर्थ आजोबा सांगत होते.

नवरा पोचला तेव्हा पावणेबारा वाजले होते. गच्ची बंद होती. खाली रस्त्यावर वारा विशेष नव्हता, म्हणून त्याला हे पटेना. पण दीडशे मीटरवरचा वारा आणि रस्त्यावरचा वारा यांचा मेळ नसतो. शिवाय खाली जाणवणारा वारा इमारतींच्या आकाराने बदललेला असतो. याच इमारतीच्या पायथ्याशी वाऱ्याच्या झोतांबद्दल तक्रारी झाल्या होत्या, आणि २०१९ मध्ये सिटी ऑफ लंडनने नव्या उंच इमारतींसाठी वाऱ्याबाबत कडक मार्गदर्शक नियम आणले. दक्षिणेकडच्या खोलगट काचेची गोष्ट तर जगभर गेली. २०१३ मध्ये, बांधकाम चालू असताना, तिच्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने खालच्या रस्त्यावर उभ्या मोटारीचे भाग वितळले आणि नंतर त्या बाजूला आडव्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

निष्पत्ती

साडेबाराला सगळे उतरले. गच्ची हुकली आणि नवऱ्याचा निम्मा वेळ गेला, पण आजोबांची बाग पाहून झाली. आजींना गारवा बाधला. साडीवर पातळ शाल आणि पायात चपला होत्या, आणि आत गरम असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

जेवण सेंट डनस्टन-इन-द-ईस्टमध्ये झालं. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या भिंतींच्या आत सिटीने केलेली ही बाग ईस्टचीपच्या खाली, पाच मिनिटांवर आहे. भिंतींमुळे वारा लागत नाही आणि घरचा डबा उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. मग गार्डन ॲट १२०. इथेही झडती होते, पण रांग नव्हती आणि अडकित्ता नवऱ्याच्या टेबलावर सुखरूप होता. उघड्या हवेत, मांडवाखालच्या बाकावर बसून आजींनी वॉकी-टॉकीचा माथा बाहेरून पाहिला. इथे त्या कठड्यापर्यंत स्वतः चालत गेल्या. पंधरावा मजला त्यांना झेपला.

सव्वातीनची गाडी मिळाली आणि संध्याकाळच्या गर्दीच्या आत सगळे घरी होते.

वेगळं काय करता आलं असतं

तिकिटं खुली होतात त्या सोमवारी सकाळीच दहा मिनिटं काढली असती तर बाराच्या आसपासची वेळ मिळू शकली असती, आणि निघायची घाई आणखी कमी झाली असती. आदल्या रात्री प्रत्येकाचे खिसे आणि पिशव्या रिकाम्या करून पाहायला हव्या होत्या. भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही यादी ठरलेली असते: अडकित्ता, नेलकटर, फळं कापायची छोटी सुरी, शिवणाच्या डबीतली कात्री. विमानाच्या वेळी आपण हे आठवणीने करतो, शहरात फिरायला निघताना करत नाही.

तिकीट सुनेच्या नावावर काढायला हवं होतं. ज्याला ऐनवेळी धावपळ करावी लागू शकते, त्याच्याकडे नोंदणी नको. वर राहणाऱ्याकडे असावी.

गच्चीचा भरवसा धरायला नको होता. सकाळी निघताना हवामानात वाऱ्याचे झोत किती आहेत हे पाहिलं असतं, तर मुलांना आधीच सांगता आलं असतं आणि मुलाचा रुसवा टळला असता. आजींसाठी मोजे, बूट आणि जाड शाल.

एका बाबतीत आमच्यात दुमत आहे. काहींच्या मते क्रम उलटा हवा होता: आधी गार्डन ॲट १२०, म्हणजे आजींना उंचीची सवय झाली असती आणि स्काय गार्डनमध्ये त्या काचेपर्यंत गेल्या असत्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की आजोबांचे गुडघे सकाळी ताजे असतात, आणि ज्या बागेसाठी आलो तिथेच ती ताकद खर्च व्हावी. दोघांपैकी एकाला झुकतं माप द्यावंच लागलं असतं. या कुटुंबाने ते आजोबांना दिलं आणि ते आजींना विचारून दिलं.

व्हीलचेअरचा विषय घरात निघाला होता, पण आजोबांनी ठाम नकार दिला. त्यांच्या मनाविरुद्ध ती नेली नाही हे योग्यच झालं. मात्र कर्मचाऱ्यांना दारावरच "यांना जिना चढता येत नाही" एवढं सांगितलं असतं, तर लिफ्टची सोय पहिल्या मिनिटापासून झाली असती आणि सुनेला मुलीची ढकलगाडी एका हाताने धरून कर्मचारी शोधत फिरावं लागलं नसतं.